तळ्यातल्या देवाची उंची

“साहेब, देवाची उंची ओट्यासकट धरायची का ओटा सोडून?”

इंगवले शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभा होता. टेपचं एक टोक त्याच्या हातात, पिवळं हेल्मेट काढून बगलेत दाबलेलं. दुसरं टोक धरून मी खाली, तळ्याच्या तळाला अंथरलेल्या काळ्या प्लास्टिकच्या कागदावर अनवाणी, चैत्राच्या उन्हात एकदा हा पाय उचलत, एकदा तो.

“देव कुठला, इंगवले? तो माझा साक्षीदार आहे.”

“ते तुमच्या-माझ्यात झालं. वर बसल्यात त्यांना सांगा.”

मी वर पाहिलं. तळ्याच्या बांधावर वीस-पंचवीस बायका डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या आणि आम्ही त्यांच्या देवाला काही करतोय का ते बघत होत्या. त्यांच्या मधोमध ठकूबाई गाडे. तिनं तिथूनच मला हात जोडले. तिचा माझ्यावर राग नव्हता, हीच खरी अडचण होती.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पाणीपुरवठ्याच्या आणि सांडपाण्याच्या कामांवर क्वांटिटी सर्व्हेअर म्हणून मी आयुष्य काढलं. सोप्या भाषेत सांगायचं तर काम किती झालं ते मोजून सांगणारा माणूस. इंजिनिअर आखतो, ठेकेदार खणतो, आणि दोघांचं आपापलं सांगून झालं की लोक माझ्या तोंडाकडं बघतात. खरवंड्याला गेलो तोवर माझ्या हुद्द्याआधी ‘सीनियर’ लागून तोही जुना झाला होता. तिथल्या नगरपरिषदेनं गावाचा गाळानं भरलेला साठवण तलाव खोल करायला आणि त्याच्या तळाला प्लास्टिकचा जाड कागद अंथरायला घेतला होता. इंगवले ठेकेदार, मी नगरपरिषदेच्या बाजूनं मोजणारा.

तळं खणताना एक पद्धत असते. माती उचलून नेल्यावर ती किती होती हे कुणी सांगायचं? म्हणून मधे मधे मातीचे खांब न खणता तसेच ठेवतात. त्यांच्या डोक्यावरचं मूळ जमिनीचं गवतसुद्धा राहू देतात. डोक्यापासून तळापर्यंत मोजलं की कळतं, जमीन इथं होती आणि खणणं तिथवर गेलं. मोजणी झाली की खांब काढून टाकायचे. इंगवल्याचे मजूर त्यांना साक्षीदार म्हणायचे. मला तो शब्द आवडायचा. माणसं साक्ष फिरवतात, माती फिरवत नाही.

बाकीचे साक्षीदार आपली साक्ष देऊन गेले होते. हा एक राहिला, तळ्याच्या सगळ्यात खोल भागातला. कडेपासून कागद अंथरत, सांधे वितळवून जोडत आम्ही याच्यापाशी आलो आणि थांबलो, कारण तोवर याला शेंदूर लागला होता. आधी हळद, मग शेंदूर, मग फुलं. एका सकाळी बघतो तर डोक्यावर फरशी ठेवून चुन्यात बसवलेला ओटा, आणि ओट्यावर दिवा. चढायला शिडी इंगवल्याचीच वापरलेली. बायका कागदावर ओली गोणपाटं अंथरून, चपला बांधावर काढून यायच्या. इंगवल्याच्या माणसांनी दोन ठिकाणी बूट घासून कागद फाडला होता. या बायकांनी एक ओरखडा उमटू दिला नाही.

पण खांब उभा म्हणजे कागदाला मधोमध भोक. आणि कालव्याला उन्हाळ्यातलं शेवटचं आवर्तन त्याच आठवड्यात सुटणार होतं. त्या पाण्यात तळं भरलं तर गावाला नळानं पाणी. हुकलं तर अख्खा उन्हाळा पुन्हा टँकर आणि टँकरमागं धावणारे हंडे. बायकांचं म्हणणं असं, की देवाला हात लावू देणार नाही, आणि देव बुडेल म्हणून पाणीही सोडू देणार नाही.

“ओटा सोडून धरायची,” मी इंगवल्याला म्हणालो. “पण मग ओटा काढावा लागेल. डोकं दिसल्याशिवाय मी मोजत नाही.”

“मग तुम्हीच काढा. माझी माणसं हात लावत नाहीत. पोकलेनवाल्यानं तर कालपासनं तब्येत बिघडवून घेतलीय.”

“आणि तुम्ही?”

“मला दोन लहान पोरं आहेत, साहेब.”

दुपारी नगरपरिषदेत मुख्याधिकारी निकाळजे मॅडमनी सरळ सांगून टाकलं, की परवा सकाळी पोलीस बंदोबस्त लावून खांब पाडायचा. बाई कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. गावाला पाणी देऊनच इथून बदली घेईन असं त्या सगळ्यांना सांगून बसल्या होत्या. मी म्हटलं, बंदोबस्तात खांब पडेल, पण मग बायका कालव्याच्या दारावर जाऊन बसतील आणि आवर्तन आपल्या डोळ्यांदेखत पुढं निघून जाईल. उद्या दुपारपर्यंतचा वेळ मला द्या.

“तुम्ही काय करणार? मोजणार?” त्यांनी विचारलं.

“मोजायचं तर आहेच,” मी म्हणालो.

उपाय काही सुचला नव्हता. पण मोजमापाच्या भांडणातून मी तोवर इतक्यांदा बाहेर आलो होतो, की यातूनही येईन याबद्दल मला शंका वाटली नाही. पांडुरंग कुठल्या तरी दारानं आत येतो. आपण दार लोटून बसू नये, एवढंच.

तिथून मी थेट बांधावर ठकूबाईकडं गेलो. साठीची, ठेंगणी, आवाज मात्र तळ्याच्या पलीकडं पोचणारा. कडुनिंबाच्या सावलीत तिनं मला बसायला जागा केली. इंगवलेही मागोमाग येऊन उभा राहिला. मी तिला सगळं समजावलं. खांब का ठेवतात, कसे ठेवतात, गवत का राहू देतात. तिनं मन लावून ऐकलं.

“म्हंजी त्यो वर आला न्हाई, बाकीचं खाली गेलं,” ती म्हणाली.

“बरोबर.”

“मंग ह्योच का न्हाई गेला?”

“मी ठेवायला सांगितला म्हणून.”

“आन् तुमाला कुनी सांगितलं?”

शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. इंगवले पण हसला, मला वाईट वाटू नये एवढ्या बेतानं.

मग तिनं तिची बाजू सांगितली. या तळ्यावर याआधी दोन ठेकेदार आले आणि यंत्रं घेऊन पळाले. हा तिसरा. इंगवल्याकडं बोट करून ती म्हणाली, की हाही पळणारच होता, तोंडावरच दिसतं. पण तळ्याच्या मधून काहीतरी वर यायला लागलं आणि काम थांबायचं नाव घेईना. टँकरच्या रांगेतून त्या रोज बघायच्या. आधी गुडघ्याएवढा, मग कमरेएवढा, मग माणसाएवढा. गावात कुणालाच शंका राहिली नाही. देव वाढत होता.

“ठकूबाई, ती नुसती माती आहे,” मी म्हणालो. “देव नाही.”

तिनं माझ्याकडं निरखून पाहिलं.

“मंग तुमी डोकं का टेकवत व्हता?”



याचं कारण सांगायला थोडं मागं जावं लागेल. मी कीर्तनात वाढलो. वडील टाळकरी, आणि मला चालता येण्याआधी टाळ वाजवता येत होते असं आई सांगायची. नमनाशिवाय कीर्तन उभं राहत नाही हे लहानपणीच अंगात भिनलं, आणि पुढं नोकरीला लागलो तसं कामातही तेच आलं. ज्याच्यावर मोजपट्टी लावायची त्याला आधी डोकं टेकवायचं. तो जे सांगेल ते आपण लिहिणार, मग मोठा कोण? तोच. खुणेचा दगड असो, विहिरीचा काठ असो, सांडपाण्याची टाकी असो. सांडपाण्याच्या टाकीला मी हात लावून तो कपाळाला न्यायचो, एवढी सवलत घेतली होती. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही. मला वाटायचं, कुणाच्या लक्षातच येत नाही.

“खनायच्या आदी हितं नुसतं चुन्याचं रिंगण व्हतं तवापास्नं बघतिया मी,” ठकूबाई सांगत होती. “साहेब यायचा, पायतान काढायचा, डोकं टेकवायचा, अन् मंगच पट्टी लावायचा. येवढा शिकल्याला मानूस उगं मातीला डोकं टेकवील व्हय? मी हळद वाहिली ती तुमच्या मागनं. पयले भक्त तुमी.”

इंगवले हसता हसता खाली बसला. “साहेब,” तो डोळे पुसत म्हणाला, “देवस्थानचे अध्यक्ष तुम्हीच. आता ठराव घ्या.”

गावात मारुतीच्या देवळात तेव्हा सप्ताह चालू होता. कीर्तनं सखाराम महाराज उगल्यांची. गोड गळा, आणि दृष्टांत असे की घरी जाईपर्यंत माणूस स्वतःशी हसत राहावा. मी रोज संध्याकाळी पुढच्या रांगेत टाळ घेऊन उभा असायचो, त्यामुळं ओळख झाली होती. ठकूबाईकडून उठलो तो त्यांच्याकडंच गेलो. देवळामागच्या खोलीत महाराज पिशवी उशाला घेऊन आडवे झाले होते आणि पोटावर अडकित्ता ठेवून सुपारी कातरत होते.

मी म्हटलं, महाराज, आज निरूपणात एक वाक्य बोला, की तळ्यातला तो खांब देव नव्हे. तुमचं ऐकतील. गावाच्या पाण्याचा प्रश्न आहे.

“ऐकतील, म्हणूनच नाही बोलणार,” महाराज म्हणाले. “आज त्याला माती म्हटलं, तर उद्या या गावातला कुठला दगड माझ्यापुढं सुरक्षित राहील? मारुतीलाही घाम फुटायचा.”

“मग मी काय करू?”

त्यांनी सुपारीचं खांड दिव्याच्या कोनाड्यात ठेवलं आणि उठून बसले.

“दिघेसाहेब, मी बघतो तुम्हाला रोज. कीर्तनातनं मधेच उठून गेलात कधी?”

“नाही, कधीच नाही.”

“लोक प्रसादाच्या आशेनं थांबतात. तुम्ही?”

“आरती झाल्याशिवाय मी टाळ खाली ठेवत नाही, महाराज.”

“मग झालं तर. नमन तुम्ही केलंत. आरती करायची राहिलीय. ते लोक बिचारे बसून राहिलेत तुमच्यासाठी.”

खांड तोंडात टाकून त्यांनी कूस बदलली. आणखी काही सांगायची त्यांना गरज वाटली नसावी, आणि मलाही वाटली नाही. त्या दिवशीचं कीर्तन मी जसं ऐकलं तसं पुन्हा क्वचित ऐकलं असेल.

सकाळी आंघोळ करून, ताम्हन, निरांजन, अक्षता आणि माझे टाळ घेऊन मी तळ्यावर गेलो. बायका आधीच आल्या होत्या. बंदोबस्ताची बातमी गावभर झाली होती, त्यामुळं त्यांचे चेहरे आदल्या दिवसासारखे मोकळे नव्हते. मी चपला काढल्या, गोणपाटावरून चालत खांबापाशी गेलो आणि रोजच्यासारखं डोकं टेकवलं. मुद्दाम कुणाला दाखवायला नाही. ते केल्याशिवाय मला टेप उलगडता आला नसता.

मग मी बायकांना म्हणालो, “याचं नमन मी केलं, तर शेवटही मीच करणार. पण आधी मोजणार, आणि तुमच्यासमोर मोजणार. त्यासाठी वरचा ओटा उचलावा लागेल.”

ठकूबाईनं पदर खोचला.

“दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाई. मी काढती.”

ती शिडी चढली. इंगवल्यानं शिडी घट्ट धरली, आणि धरताना डोळे मिटून घेतले होते हे मी पाहिलं. तिनं आधी दिवा उतरवून माझ्याकडं दिला. मग फुलं. मग फरशीच्या कडेचा चुना बोटांनी खरवडला आणि फरशी उचलली.

खाली दबलेलं, पिवळं पडलेलं गवत होतं. मुळांसकट, जसंच्या तसं.

ठकूबाईनं त्याच्यावरून हात फिरवला. “ह्ये तर लव्हाळं,” ती म्हणाली. “तळ्यातलं. गाळ साचला तवा ह्येच माजलं व्हतं हितं. शेळ्यांसाठी भारं नेलेत मी ह्याचं.”

“तुम्ही तेव्हा या गवतावर उभ्या राहायच्या,” मी म्हणालो. “आता खाली बघा.”

तिनं शिडीवरून खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“येवढं खाली गेलं?”

“एवढं. हा उभा आहे म्हणून दिसतंय, नाहीतर कुणाला पटलं नसतं. आणि जेवढं खाली गेलं तेवढं पाणी जास्तीचं मावणार. देव जेवढा उंच, तेवढं.”

ती हळूहळू उतरली. खाली आल्यावर एकदम वळली आणि लहान पोरं भिंतीला टेकून उंची बघतात तशी खांबाला पाठ लावून ताठ उभी राहिली.

“बघा बरं, माझं डोस्कं कुठवर येतंय.”

निम्म्याच्याही खाली आलं.

“म्हंजी माझ्या डोस्क्यावर अजून एक मी.”

“आणि वर थोडी.”

“ह्या हितंच?”

“कडेला थोडं कमी, पण सगळ्या तळ्यात.”

तिच्या मागच्या एका बाईनं पुढं होऊन खांबाला पाठ लावली. मग आणखी एकीनं. थोड्या वेळानं रांगच लागली. उंच बाईला बाकीच्या म्हणत होत्या, तुला काय, तू बुडायचीच न्हाईस. ठकूबाई मात्र बाजूला उभी राहून खांबाच्या पायथ्याशी कागदाची उघडी कड बघत होती.

“आन् ह्यो असाच ऱ्हायला तर?”

“तर इथून पाणी जमिनीत जाईल. सगळं.”

ती मान हलवून बायकांकडं वळली. “साहेब म्हनत्यात उत्तरपूजा करू.”

“आन् रागावला म्हंजी?” मागून कुणीतरी विचारलं.

“कशापायी रागावंल? साक्षीदार हाय ना त्यो? साक्ष दिली त्यानं. आता कोर्टात किती दिस बसवनार त्याला?”

इंगवल्यानं डोळे उघडले.

मी मोजलं. इंगवल्यानं वरचं टोक गवतापाशी धरलं, मी तळाशी वाचलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आकडा मोठ्यानं सांगितला. ठकूबाई म्हणाली, वाईच जास्त लिवा, देव व्हता. इंगवल्याचा चेहरा खुलला. मी म्हटलं, देवाच्या नावावर तर एक बोटभरही जास्त लिहिता येत नाही. तिला ते पटलं. इंगवल्याला कमी पटलं.

मग पूजा केली. गणपती पोचवताना देतात तशी दह्याची शिदोरी एका बाईनं घरून आणवली. मी टाळ घेतले, बायकांनी आरती म्हटली, आणि त्या काळ्या, तापत चाललेल्या खड्ड्यात आवाज असा घुमला की रस्त्यानं जाणारा टँकरवाला गाडी थांबवून बांधावर येऊन उभा राहिला. आरती संपली. मी अक्षता वाहिल्या आणि कडेचं एक ढेकूळ हातानं हलवलं.

मी तेवढंच केलं. पुढचं त्यांनी केलं. ठकूबाईनं ते ढेकूळ पदरात घेतलं. दुसरीनं तुळशीत घालायला मूठभर माती काढली, तिसरीनं दोन मुठी. मग कुणीतरी पाटी आणली, कुणी खुरपं. गावातून आणखी बायका आल्या. पोकलेनवाला बरा होऊन आला, तेव्हा त्याला करायला काही उरलं नव्हतं. दुपार कलायच्या आत खांबाच्या जागी सपाट जमीन होती, झाडून काढलेली. शेवटचं एक ढेकूळ इंगवल्यानं रुमालात बांधलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, “पोरांसाठी.”

निकाळजे मॅडम बंदोबस्ताचा आदेश पर्समध्ये घेऊन आल्या होत्या. कागदाच्या सांध्यावर इंगवल्याची माणसं यंत्र फिरवत होती ते त्यांनी पाहिलं आणि मला विचारलं, खांब कुठं गेला? मी म्हटलं, मॅडम, घरोघर.

आवर्तन ठरल्यासारखं आलं. दार उचललं तेव्हा पाण्याची पहिली जीभ काळ्या कागदावरून लवलवत गेली आणि त्या मधल्या जागेपाशी जाऊन थबकल्यासारखी झाली. तिथंच सगळ्यात खोल होतं, तिथंच ते साचणार होतं. पण बांधावरच्या सगळ्यांनी एकदमच हात जोडले.

तळं भरायला दोन-तीन दिवस लागले. भरल्याच्या सकाळी ठकूबाई आली. पदराच्या गाठीत तिनं ते पहिलं ढेकूळ ठेवलं होतं. बाकीच्यांनी तुळशीत घातलं, तिनं नव्हतं घातलं. काठावर उकिडवी बसून तिनं गाठ सोडली आणि ओंजळ पाण्याखाली नेली. माती थोडा वेळ तिच्या बोटांतून धुरासारखी निघत राहिली, आणि मग पाणी पुन्हा स्वच्छ झालं.

“बुडवला का शेवटी?” इंगवल्यानं मागून विचारलं.

“देवाला बुडवत न्हाईत,” ती वळून न बघता म्हणाली. “पोचवला.”

मी तिच्या शेजारी वाकलो, पाण्याला हात लावला आणि कपाळाला नेला. नेला आणि मग एकदम आठवण होऊन मागं पाहिलं.

सगळा गाव बघत होता.